वजन घटविण्याच्या सार्वजनिक कार्यक्रमांचा हिशेब : काही गृहीतकांची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

सार्वजनिक आरोग्यावरील खर्चासंबंधी पूर्वी मुख्यतः एकच प्रश्न विचारला जात असे : हा खर्च झेपेल काय? गेल्या अर्धशतकात त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न येऊन बसला आहे : झालेल्या खर्चाच्या मानाने फळ किती मिळते? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आरोग्य-अर्थशास्त्राने एक माप घडविले. पूर्ण आरोग्यात घालविलेल्या वर्षाला एक हे मूल्य द्यावयाचे, व्याधिग्रस्त वर्षाला त्याहून कमी मूल्य द्यावयाचे, आणि अशा रीतीने मोजलेल्या आयुष्याला 'गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्ष' म्हणावयाचे, ही त्याची रीत. एखाद्या उपायासाठी त्याच्या पर्यायापेक्षा जादा खर्च किती होतो आणि जादा आयुर्वर्षे किती लाभतात, यांचा भागाकार म्हणजे त्या उपायाची किंमत. इंग्लंडमध्ये १९९९ साली स्थापन झालेल्या 'नाइस' या संस्थेने अशा एका आयुर्वर्षास २०,००० ते ३०,००० पौंड ही मर्यादा दीर्घकाळ प्रमाण मानली. त्या मर्यादेच्या आत बसणारा उपाय सामान्यतः स्वीकारार्ह ठरे.

अतिवजन असलेल्या रुग्णांसाठी सरकारी खर्चाने चालविले जाणारे आहार, व्यायाम व समूहसल्ला यांचे कार्यक्रम याच तराजूत तोलले गेले आहेत. उपलब्ध वाङ्मयातील बहुतेक निष्कर्ष अनुकूल आहेत. हे कार्यक्रम 'खर्चाच्या मानाने फलदायी' आहेत, असा शेरा वारंवार आढळतो. हा शेरा खोटा आहे असे प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे नाही. परंतु असा शेरा औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीप्रमाणे कार्यक्रमाला कायमचा चिकटविता येत नाही. घटलेले वजन किती काळ घटलेले राहते, खर्च कोण करतो व बचत कोणाच्या पदरी पडते, आणि कार्यक्रमाच्या दारापर्यंत कोण पोहोचते, या तीन बाबींविषयीच्या गृहीतकांवर तो उभा असतो. त्यांपैकी पहिले गृहीतक सर्वांत निर्णायक असून नेमके तेच बहुधा सर्वांत दुर्बल पुराव्यावर आधारलेले असते.

२. एक प्रयोग, दोन हिशेब

या विधानाचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंध प्रयोगाच्या इतिहासात सापडतो. या प्रयोगात ३,२३४ व्यक्ती सहभागी होत्या. या सर्वांचे वजन प्रमाणाबाहेर आणि रक्तशर्करा सीमेवर होती. मधुमेह मात्र जडलेला नव्हता. जीवनक्रम-परिवर्तनाच्या गटाला दोन उद्दिष्टे दिलेली होती : वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या गटात मधुमेहाचे प्रमाण नियंत्रण-गटाच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटले. परिणाम निःसंदिग्ध होता. खर्चही नोंदलेला होता : जीवनक्रम-परिवर्तनासाठी तीन वर्षांत दरडोई सुमारे २,७८० डॉलर.

२००५ साली या एकाच प्रयोगाचे दोन आर्थिक हिशेब एकाच वैद्यकीय नियतकालिकात काही महिन्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. हर्मन व त्यांचे सहकारी यांनी आरोग्य-व्यवस्थेच्या दृष्टीने एका आयुर्वर्षाची किंमत सुमारे १,१०० डॉलर काढली, आणि समाजाच्या दृष्टीने सुमारे ८,८०० डॉलर. एडी, श्लेसिंगर व कान यांनी समाजाच्या दृष्टीने तीच किंमत सुमारे ६२,६०० डॉलर काढली. एखाद्या विमा-योजनेच्या दृष्टीने तीस वर्षांच्या अवधीत त्यांच्या मते ती १,४३,००० डॉलरपर्यंत जाते. म्हणजे प्रयोग तोच, व्यक्ती त्याच, ५८ टक्क्यांचा परिणाम तोच. आणि समाजाच्या दृष्टीने काढलेल्या दोन आकड्यांत सातपटीचे अंतर.

हे अंतर बेरीज-वजाबाकीच्या चुकीतून आलेले नाही. दोन्ही पक्षांनी कार्यक्रमाचा खर्च मुख्यतः मूळ प्रयोगाच्या नोंदींवरूनच घेतला होता. मतभेद होता तो भविष्याविषयी. हर्मन यांच्या प्रतिमानात जीवनक्रम-परिवर्तनामुळे मधुमेह सुमारे अकरा वर्षे लांबणीवर पडतो आणि आयुष्यभरात तो होणाऱ्यांचे प्रमाण वीस टक्के-गुणांनी उतरते. एडी यांच्या प्रतिमानात तीस वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर, म्हणजे अकरा टक्के-गुणांनीच उतरते. रोग जडल्यानंतर तो किती वेगाने बळावतो, याविषयीही दोघांची कल्पना भिन्न होती. प्रत्यक्ष पाहणी जेमतेम तीन वर्षांची आणि प्रक्षेपण तीस वर्षांचे वा आजन्म, अशी स्थिती असता आकड्याचा फार मोठा भाग पाहणीतून न येता प्रक्षेपणातून येतो. वाचकासमोर मात्र दोहोंचे मिश्रण एकाच संख्येच्या रूपाने ठेवले जाते.

एडी यांच्या लेखातील आणखी एक निष्कर्ष विशेष विचारणीय आहे. जीवनक्रमाचा कार्यक्रम मधुमेह जडल्यानंतर सुरू केला तर एका आयुर्वर्षाची किंमत सुमारे २४,५०० डॉलर येते. म्हणजे रोगाची वाट पाहणे स्वस्त पडते. गणिताच्या दृष्टीने यात विसंगती नाही. ज्यांना रोग होणारच नव्हता त्यांच्यावरील खर्च वाचतो, म्हणून किंमत उतरते. परंतु सार्वजनिक यंत्रणेने या निष्कर्षाचे शब्दशः पालन केले तर प्रतिबंध ही कल्पनाच निकालात निघेल. भागाकार लहान असणे आणि धोरण योग्य असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या उदाहरणाने स्पष्ट होते.

३. काळाची कसोटी

भविष्याविषयीच्या वादाचा निर्णय अंशतः काळानेच दिला. मूळ प्रयोगातील व्यक्तींचा पुढेही पाठपुरावा झाला. जीवनक्रम-गटाने पहिल्या वर्षी सरासरी सात किलो वजन घटविले होते. दहा वर्षांच्या अखेरीस त्यांपैकी सुमारे दोन किलोंची घट शिल्लक होती. तरीही मधुमेहाचे प्रमाण दहा वर्षांत ३४ टक्क्यांनी व पंधरा वर्षांत २७ टक्क्यांनी कमी राहिले. दहा वर्षांच्या प्रत्यक्ष नोंदींवरून २०१२ साली काढलेली किंमत आरोग्य-व्यवस्थेच्या दृष्टीने एका आयुर्वर्षास सुमारे १०,००० डॉलर आली. प्रत्यक्ष अनुभवाने दिलेला आकडा हर्मन यांच्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा आणि एडी यांच्या भीतीपेक्षा पुष्कळच लहान ठरला. अर्थात मूळ प्रयोग संपल्यावर सर्वच गटांना समूहशिक्षण देण्यात आले असल्याने नंतरच्या वर्षांतील तुलना निर्भेळ राहिलेली नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

वजन परत चढूनही लाभ पूर्णतः नाहीसा होत नाही, हा या पाठपुराव्याचा पहिला धडा. परंतु त्याच्या उलट बाजूकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. २०१४ साली 'नाइस'ने अशा कार्यक्रमांविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्याच्या आर्थिक प्रतिमानात दरडोई शंभर पौंड वा त्याहून कमी खर्चाचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम अगदी थोड्या वजनफरकावरही फलदायी ठरतो. मात्र तो फरक आयुष्यभर टिकला पाहिजे, ही अट आहे. या 'मात्र'मध्येच सगळा प्रश्न सामावलेला आहे. थोडे वजन घटविणे अवघड नाही; थोडे वजन आयुष्यभर घटलेले ठेवणे हे मात्र फार थोड्या कार्यक्रमांना सिद्ध करून दाखविता आले आहे.

या दृष्टीने इंग्लंडमधील 'रॅप' हा प्रयोग अभ्यसनीय आहे. कुटुंब-वैद्यांच्या द्वारे निवडलेल्या १,२६७ प्रौढांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला केवळ माहितीपुस्तिका व अल्प सल्ला मिळाला. दुसऱ्यास एका खाजगी संस्थेच्या समूहवर्गात बारा आठवडे आणि तिसऱ्यास बावन्न आठवडे सरकारी खर्चाने प्रवेश मिळाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षअखेर या गटांची सरासरी वजनघट अनुक्रमे ३.२६, ४.७५ व ६.७६ किलो होती. पंचवीस वर्षांच्या प्रक्षेपणात बारा आठवड्यांचा कार्यक्रम पुस्तिकेपेक्षा कमी खर्चाचा आणि अधिक लाभाचा ठरला. बावन्न आठवड्यांचा कार्यक्रम बारा आठवड्यांच्या तुलनेत एका आयुर्वर्षास सुमारे ३,८०० पौंड इतक्या किंमतीचा, म्हणजे मर्यादेच्या खूपच आत, ठरला.

पाच वर्षांनंतरची नोंद २०२२ साली प्रसिद्ध झाली. सरासरी घट पुस्तिका-गटात अर्ध्या किलोच्या आसपास, बारा आठवड्यांच्या गटात दोन किलोंच्या आसपास व बावन्न आठवड्यांच्या गटात पावणेतीन किलोंच्या आसपास उरली होती. तिन्ही गटांत वजन परत चढले. तथापि समूहवर्गाला गेलेल्यांची स्थिती पुस्तिका-गटापेक्षा चांगली राहिली. पहिल्या वर्षी तीन गटांत जी ठसठशीत पायरी दिसत होती, ती पाचव्या वर्षी झिजून गेली. विशेषतः बारा व बावन्न आठवड्यांमधील दोन किलोंचे अंतर किलोच्याही आत आले. दीर्घ कार्यक्रमावरील जादा खर्चाचे समर्थन याच अंतरावर अवलंबून होते, हे लक्षात घेतले म्हणजे 'किती किलो?' यापेक्षा 'किती वर्षे किती किलो?' हाच खरा प्रश्न आहे, हे पटते.

वजनघटीपासून रोगनिवारणापर्यंतची साखळीही प्रतिमानात समजली जाते तितकी सरळ नसते. अमेरिकेतील 'लुक अहेड' प्रयोगात मधुमेह असलेल्या ५,१४५ व्यक्तींचा सुमारे साडेनऊ वर्षे अभ्यास झाला. सघन उपचाराच्या गटाने पहिल्या वर्षी ८.६ टक्के वजन घटविले. अखेरीस ती घट ६ टक्के उरली, तर तुलनेच्या गटात ती ३.५ टक्के होती. तरीही हृद्रोग व पक्षाघात यांच्या प्रमाणात अपेक्षित फरक पडला नाही आणि २०१२ साली तो उपक्रम थांबविण्यात आला. वजन घटले म्हणजे हृदयविकाराचा खर्च आपोआप घटेल, असे धरणाऱ्या प्रत्येक प्रतिमानाला या निष्कर्षाने सावध केले आहे.

नव्या औषधांनीही हा प्रश्न सुटलेला नाही. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. औषध थांबविल्यानंतर वर्षभरात त्यांपैकी दोन-तृतीयांश वजन परत आले. २०२३ साली 'नाइस'ने हे औषध मान्य करताना ते अधिकाधिक दोन वर्षांपुरते मान्य केले. घट मोठी असली, तरी टिकाऊपणाचा प्रश्न तोच राहतो, आणि औषधाच्या किंमतीमुळे तो अधिक तीव्र होतो.

४. खर्च कोणाचा, बचत कोणाची

हर्मन यांच्या एकाच लेखातील १,१०० व ८,८०० या दोन आकड्यांकडे पुन्हा पाहावे. आठपटीचा हा फरक केवळ दृष्टिकोन बदलल्याने पडतो. आरोग्य-व्यवस्थेच्या हिशेबात शिक्षकाचा पगार येतो, वर्गाचा खर्च येतो. वर्गाला येण्यासाठी रुग्णाने खर्ची घातलेला वेळ, व्यायामाचे तास आणि निराळ्या आहारासाठी मोजलेले पैसे त्यात येत नाहीत. ते समाजाच्या हिशेबात येतात. सार्वजनिक कार्यक्रम स्वस्त दिसतो त्याचे एक कारण असे की, त्याच्या श्रमाचा मोठा वाटा रुग्ण स्वतःच्या पदरचा घालीत असतो. रोजंदारीवर जगणाऱ्याचा बुडालेला दिवस, किंवा घरातील सर्वांचा स्वयंपाक उरकून स्वतःसाठी वेगळे शिजविणाऱ्या स्त्रीचा तास, सरकारी खतावणीत कोठेच नोंदला जात नाही. ज्या हिशेबात ही रक्कम शून्य धरली जाते, तो हिशेब अपुरा होय.

सरकारी खात्यांच्या आपसातील विभागणीमुळेही असाच पेच उद्भवतो. इंग्लंडमध्ये २०१३ पासून सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आली. त्यामुळे वजन घटविण्याच्या समूहवर्गांचा खर्च स्थानिक संस्थेने करावयाचा, आणि वर्षांनंतर टळलेल्या मधुमेहाची बचत मात्र राष्ट्रीय आरोग्य सेवेला मिळावयाची, अशी स्थिती निर्माण झाली. २०२१ साली सरकारने वजन-नियंत्रणासाठी शंभर दशलक्ष पौंडांची योजना जाहीर केली. पुढच्याच वर्षी स्थानिक संस्थांना त्यासाठी मिळणारे विशेष अनुदान बंद झाले. एका आयुर्वर्षाची किंमत त्या वर्षभरात बदललेली नव्हती. बदलला होता तो वार्षिक अंदाजपत्रकाचा कल. पंचवीस वर्षांनी फळणाऱ्या झाडाचे भवितव्य एका वर्षाच्या अंदाजपत्रकावर सोपविले, की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

५. दारापर्यंत कोण येतो

प्रयोगात भाग घेणारे आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम आखला जातो ते, यांत अंतर असते. 'रॅप'मधील सहभागी व्यक्तींत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या. पुरुषांमध्ये स्थूलता कमी आहे म्हणून हे प्रमाण पडले, असे म्हणता येणार नाही. अमेरिकेत २०१६ साली वृद्धांच्या सरकारी विमा-योजनेतील एका समूहकार्यक्रमामुळे पंधरा महिन्यांत दरडोई २,६५० डॉलरची बचत झाल्याचे जाहीर झाले. त्या बळावर २०१८ साली तो लाभ देशभर लागू करण्यात आला. प्रत्यक्षात नाव नोंदविणारे मात्र अपेक्षेच्या मानाने फारच थोडे निघाले. दरडोई बचतीचा आकडा कितीही आकर्षक असला तरी डोकी मोजकीच असतील, तर एकूण फळही मोजकेच राहते.

शिवाय दरडोई सरासरीने वाटपाचा प्रश्न झाकला जातो. ज्याला वेळ आहे, ज्याच्या घराजवळ वर्ग आहे, ज्याला वैद्याची भाषा समजते, तोच प्रथम येतो आणि टिकूनही राहतो. त्याच्यावर केलेला खर्च अधिक फलदायी दिसतो. केवळ भागाकाराच्या मागे लागणारी यंत्रणा नकळत अशाच व्यक्तींची निवड करू लागेल आणि ज्यांच्यात स्थूलतेचे दुष्परिणाम सर्वांत दाट आहेत त्या गरीब वस्त्या कार्यक्रमाच्या परिघाबाहेर राहतील.

६. भारतीय संदर्भ

हे आकडे भारतात आणताना आणखी एक अडचण पुढे येते. चेन्नई येथे रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या भारतीय मधुमेह-प्रतिबंध प्रयोगात ५३१ व्यक्ती होत्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तीन वर्षांत नियंत्रण-गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर जीवनक्रम-गटात ३९.३ टक्के लोकांना. मधुमेहाचा एक रुग्ण टाळण्यासाठी जीवनक्रम-परिवर्तनाचा खर्च सुमारे १,०५२ डॉलर आणि मेटफॉर्मिनचा सुमारे १,०९५ डॉलर आला. सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, जीवनक्रम-गटाच्या वजनात उल्लेखनीय घट झालेली नव्हती. केवळ किलोंच्या मापाने हा कार्यक्रम तोलला असता, तर तो अयशस्वी म्हणून मोडीत निघाला असता. रोगाच्या मापाने तो यशस्वी आहे.

वजन हेच माप मानण्यातील अपुरेपणा पुण्याच्या संशोधनाने याआधीच दाखवून दिला होता. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहभारांक एकच, २२.३, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी अधिक असू शकते, याचे हे सुबोध उदाहरण पुढे सर्वत्र उद्धृत झाले. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी अतिवजनाची सीमा २५ ऐवजी २३ देहभारांकावर व स्थूलतेची सीमा २५ वर आणली, ती याच विचाराच्या दिशेने. सीमा खाली आणली की पात्र व्यक्तींची संख्या वाढते, दरडोई धोका बदलतो आणि त्याबरोबर एका आयुर्वर्षाची किंमतही बदलते. म्हणून ब्रिटिश वा अमेरिकी आकड्याचे रुपयांत रूपांतर करून तो महाराष्ट्रातील एखाद्या जिल्ह्याच्या योजनेस लावणे अशास्त्रीय ठरेल.

७. समारोप

या चिकित्सेवरून आर्थिक मूल्यमापनच निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. भागाकाराची शिस्त नसेल तर सार्वजनिक पैसा मोठ्या आवाजाच्या मागे जातो. हर्मन व एडी यांच्यातील मतभेद इतका नेमकेपणाने मांडता आला, तोसुद्धा दोघांनी आपापली गृहीतके उघडपणे नोंदविली म्हणूनच. दोष आकड्यांत नाही. गृहीतके गाळून केवळ शेरा पुढे नेणाऱ्या अहवालांत आणि तो तसाच स्वीकारणाऱ्या वाचकांत तो आहे.

तेव्हा अशा प्रत्येक हिशेबाच्या वाचनाचा क्रम उलटा असावा. अंतिम आकडा शेवटी पाहावा. प्रत्यक्ष पाहणी किती वर्षांची व प्रक्षेपण किती वर्षांचे, हे आधी पाहावे. वजन परत चढण्याची गती कोणत्या पुराव्यावर धरली आहे, रुग्णाचा वेळ खर्चात धरला आहे की नाही, खर्च करणारे खाते व बचत करणारे खाते एकच आहे काय, आणि न आलेल्यांची गणना झाली आहे काय, हे त्यानंतर तपासावे. उपलब्ध पुरावा या कसोट्यांवर घासला असता एवढे निश्चित म्हणता येते : समूहस्वरूपाचे, अल्पखर्ची व पाठपुरावा न सोडणारे कार्यक्रम सार्वजनिक पैशाला पात्र आहेत, त्यांचा लाभ माफक आहे, परंतु तो खरा आहे. बारा आठवड्यांनंतर प्रमाणपत्र देऊन दार बंद करणारा कार्यक्रम मात्र आपल्या हिशेबातील आजन्म टिकणारा लाभ पुढे कधीही न तपासता उधारीवर घेत असतो, आणि ती उधारी शेवटी रुग्णाच्याच नावावर चढते.